वाचक विचारतात : 'कुरसुरा' १९७१ मध्ये काय करत होती?

प्रश्न : भुसावळहून रेल्वेने विशाखापट्टणमला गेलो, तेव्हा किनाऱ्यावरची 'कुरसुरा' पाणबुडी आतून पाहिली. १९७१ च्या युद्धात तिने एकही जहाज बुडवलं नाही म्हणतात. मग तिचा उपयोग काय झाला?
– एक वाचक, रावेर

उत्तर : सोव्हिएत बनावटीची, फॉक्सट्रॉट वर्गातली ही पाणबुडी १३ नोव्हेंबर १९७१ ला अरबी समुद्रात गस्तीवर निघाली. ३० नोव्हेंबरला 'करंज' या दुसऱ्या भारतीय पाणबुडीला भेटून तिने गस्तीचे आदेश सोपवले आणि ४ डिसेंबरला ती मुंबईत परतली. पाकिस्तानचे हवाई हल्ले ३ डिसेंबरच्या संध्याकाळी झाले, म्हणजे लढाई पेटली तेव्हा ती परतीच्या वाटेवर होती.

त्यात हुकूमही कडक. नेमून दिलेले जहाजमार्ग ओलांडायचे नाहीत. पाकिस्तानी युद्धनौकेची ओळख पटली तरी खास आदेशाशिवाय, किंवा स्वतःवर बेतल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. काहींना हे बोटचेपं वाटतं. आम्हाला ते योग्यच वाटतं. कराचीकडच्या पाण्यात कितीतरी देशांची व्यापारी जहाजं असतात. पेरिस्कोपमधून रात्री नुसते दिवे दिसतात, झेंडा दिसत नाही. सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा आवाज येतो, पण जहाज कुणाचं ते खात्रीने कळत नाही. तटस्थ जहाज बुडालं असतं, तर ते निस्तरणं फार जड गेलं असतं.

प्रश्न : एवढी मोठी बॅटरी असताना पाणबुडीला सारखं वर का यावं लागे?
– एक वाचक, शहादा

उत्तर : शिसं-आम्लाचे ४४८ सेल संथ चालीत बराच काळ पुरतात, पूर्ण वेगात मात्र काही तासांतच उतरतात. चार्जिंगला तीन डिझेल इंजिनं, आणि इंजिनांना हवा हवीच. म्हणून पेरिस्कोपच्या खोलीवर येऊन स्नॉर्केलची नळी वर काढायची. तिच्या तोंडावरून लाट गेली की झडप बंद होते. मग इंजिनं पाणबुडीतलीच हवा ओढतात, दाब उतरतो, कान ठणकतात. झडप लवकर उघडली नाही तर इंजिनं बंदच करावी लागतात. खवळलेल्या समुद्रात हे पुन्हा पुन्हा होतं.

चार्जिंग संपत आलं की सेलमधून हायड्रोजन जास्त सुटतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, त्यामुळे चार्जिंग थांबल्यावरही बॅटरीचे पंखे चालूच ठेवतात. नळीचं टोक रडारवर दिसू शकतं आणि डिझेलच्या आवाजात स्वतःचा सोनार बहिरा होतो. म्हणून हे काम शक्यतो रात्री करायचं, आणि मधूनमधून इंजिनं थांबवून आसपास कोणी आहे का, याचा कानोसा घ्यायचा.