जीपचे टॅपेट पहिल्यांदा सेट करताना

भाऊ, तोरणमाळचा घाट चढून आलेल्या जीपचं टॅपेट कव्हर लगेच उघडू नका. टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनाची झडप) आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला बारीक गॅप जुळवणं. मॅन्युअलमध्ये हा गॅप थंड इंजिनाचा दिला असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि पहाटे बसा. मे महिन्यात जळगावात दुपारी लोखंड थंड होतच नाही. आधी कव्हरवरची काळ्या मातीची धूळ नीट पुसा, ती आत पडली की तेलात जाते.

चार सिलिंडर, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलताना पहिल्याचे टॅपेट सेट करा. मग दर वेळी क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) अर्धा फेरा फिरवा: दुसऱ्याचे हलले की तिसरा, पहिल्याचे हलले की चौथा, तिसऱ्याचे हलले की दुसरा.

फीलर गेजची (गॅप मोजायच्या ठरावीक जाडीच्या पत्त्यांची) पत्ती गॅपमध्ये घालून ओढताना बोटाला हलकी घासण जाणवली पाहिजे. लॉकनट आवळताना गॅप कमी-जास्त करायचा स्क्रू पेचकसाने धरून ठेवा, तो हमखास फिरतो. म्हणून आवळल्यावर पत्ती पुन्हा घालून बघाच. रॉकरला खड्डा पडला असेल तर पत्ती त्यावर आडवी बसते, खरा गॅप जास्त राहतो आणि टकटक जात नाही.

आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून घट्ट करू नका. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर त्याची उष्णता सीटला, म्हणजे तो टेकतो त्या कडेला, जात नाही आणि तो जळतो. थोडी टिकटिक चालेल.