साठीनंतर मन्रो चढायला घ्यावेत का?

प्रश्न : ताई, मी 67 वर्षांचा. स्कॉटलंडमधल्या पर्थला लेकीकडे राहतो. इथल्या वॉकिंग ग्रुपमधले माझ्या वयाचे लोक इथल्या उंच डोंगरांपैकी, म्हणजे मन्रोंपैकी, किती चढून झाले ते यादीवर मोजतात. मलाही मोह होतो, पण उतरताना गुडघे दुखतात. या वयात यादी हाती घ्यावी का? सुरुवात बेन नेव्हिसपासून करू का?

उत्तर : दादा, यादी जरूर घ्या. बेन नेव्हिस मात्र आत्ता नको. तो 1,345 मीटरचा डोंगर जवळजवळ समुद्रसपाटीपासून चढायचा आणि तेवढाच उतरायचा, आणि तुमची अडचण नेमकी उताराची आहे. चढावर दम लागला तर थांबता येतं. उतारावर मांड्या थकल्या की सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून डोंगर निवडताना मी उंचीच्या आधी उतार बघते.

मन्रो म्हणजे स्कॉटलंडमधले 3,000 फुटांवरचे डोंगर, आजच्या यादीत 282. ह्यू मन्रो यांनी पहिली यादी 1891 मध्ये छापली, पण त्यांचे स्वतःचेही सगळे चढून झाले नाहीत. स्काय बेटावरचा इनॲक्सेसिबल पिनॅकल हा सुळकाही राहिला, तिथे दोर लागतो. तुम्हीही आकड्याचं ओझं घेऊ नका.

तुमच्या जागी मी आधी पिटलॉक्रीच्या बेन व्रॅकीला जाईन. 841 मीटर, म्हणजे मन्रो नव्हे, कॉर्बेट (2,500 ते 3,000 फुटांमधला डोंगर). पण म्हणून तो दुय्यम नाही! पर्थहून पिटलॉक्रीला बस आहे, आणि साठी ओलांडलेल्यांना मिळणाऱ्या कार्डावर ती फुकट. मूलिन गावातून झाडीतली वाट, मग हेदरच्या झुडपांचा उघडा माळ, मग तळं. तळ्यापर्यंत अंगात ऊब येते. पुढे दगडी पायऱ्यांचा खडा चढ आहे. पाय कुरकुरले तर तळ्यावरूनच परता, ती वाटही सुंदर आहे. माथ्यावरून हवा स्वच्छ असेल तर शिहॅलियन हा मन्रो दिसतो.

वेळेचा हिशेब नीट करा. गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 चा नियम इथे सगळे वापरतात: तासाला 5 किलोमीटर, शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास. त्या हिशेबाने मूलिनहून जाऊन-येऊन तीन तास होतात. तो थांबे धरत नाही आणि गुडघे धरत नाही. मी सरळ दुप्पट धरते. डिसेंबरात दिवस सात तासांचाही नसतो, तेव्हा पहिली चढाई मे-जूनमध्ये करा.

पहिला मन्रो हवा असेल तर लेकीला गाडीने ग्लेनशीच्या खिंडीत न्यायला सांगा. खिंडीतला रस्ताच सुमारे 670 मीटरवर आहे आणि तिथला द केर्नवेल हा मन्रो 933 मीटर. स्कीच्या तारा-खांबांमुळे देखणा नाही, पण उतार थोडका. शिहॅलियन त्यानंतर. त्याची खालची वाट छान बांधलेली आहे, वरची धार मात्र लांबच लांब सुट्या धोंड्यांची. माथा आला असं वाटतं आणि पुढे आणखी धोंडे असतात.

दोन काठ्या घ्याच, उतारावर किंचित लांब करून. कागदी नकाशा आणि होकायंत्र वापरायला ग्रुपमधल्या कुणाकडून शिका, कारण धुकं मिनिटांत उतरतं. अडचण आलीच तर 999 लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. पथकातले लोक स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत. फोन करायला संकोचून अंधार पडू देऊ नका.