पहिली जकात काढतोयस ना, मग हे वाच

सलाम बेटा,

पगारावर किती जकात, म्हणजे आपल्यावर फर्ज असलेलं दरवर्षीचं दान, द्यायची विचारलंयस, तर पगारावर नसतेच रे ती. खर्च भागून जे उरलं, निसाबच्या, म्हणजे जकात लागू व्हायच्या किमान मर्यादेच्या, वर गेलं आणि चांद्रवर्षभर राहिलं त्यावर 2.5 टक्के. दोन लाख असतील तर 5,000. निसाब चांदीवर धर, साडेबावन्न तोळे, पण जुने तोळे हां, सोनार आता 10 ग्रॅमचा तोळा धरतात म्हणून सरळ 612.36 ग्रॅमचा भाव काढ. बँक बॅलन्स, एफडी, शेअर्स सगळं मोज, राहतं घर आणि बाईक सोड. बँकेचं व्याज मात्र जकातीत खपवू नकोस, ते सवाबची, म्हणजे पुण्याची, नियत (मनातला हेतू) न करता वेगळं देऊन टाकायचं.

हिशोब होतो पटकन, खरी डोकेफोड द्यायचं कुणाला ही. आईवडील, मुलं, बायको यांना चालत नाही, पण गरजू भाऊबहीण, खाला (मावशी), मामू यांना चालते आणि हदीसप्रमाणे सवाब दुहेरी, सदक्याचा म्हणजे दानाचा एक आणि नातं जपल्याचा एक. आपली पोरं मात्र रमजान आला की रेशन किट, बॅनर, एका म्हातारीच्या हातात पिशवी आणि पिशवीला पाच जणांचे हात, मग स्टेटस. मला नाही पटत बाबा. कुरआनच्या सूरह बकरामध्ये अशा गरिबांचा उल्लेख आहे जे कुणाच्या मागे लागून मागत नाहीत, म्हणून परक्याला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. आपण सफेदपोश म्हणतो ना, तेच. पोराची फी थकलेली असते पण ईदला शिरखुर्मा शेजारीपाजारी वाटणार म्हणजे वाटणार, असली माणसं किटच्या लाईनीत कशाला येतील, तुलाच शोधावी लागतील, उधारी कोणाची वाढलीय ते किराणावाल्याला बरोबर माहीत असतं.

देताना "ही जकात आहे" सांगायची गरज नाही, मनात नियत पुरे. पाकीट हातात दे, त्यांना न विचारता परस्पर फी भरू नकोस, पैशाचे मालक ते झाले पाहिजेत. नंतर "काय केलंत हो त्याचं" असं तर चुकूनही विचारू नकोस, उपकार बोलून दाखवला की सदका वाया जातो हेही त्याच सूरहमध्ये आहे. रमजानपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही, आगाऊ दिली तरी चालते, शाळा जूनलाच सुरू होतात.

अम्मीच्या दागिन्यांचं म्हणशील तर आपण कोकणी, शाफई मजहबचे (फिकहच्या पंथाचे), अंगावर वापरायच्या बेताच्या दागिन्यांवर आपल्यात जकात नाही, तुझ्या हनफी मजहबच्या रूममेटकडे आहे, त्यावरून रात्रभर वाद घालत बसू नका.