पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काहीच दिसत नाही

आपण दिलेल्या माहितीवरून चित्र असे दिसते, की पाच वर्षांपूर्वी जुळवलेला आपला डेस्कटॉप परवापर्यंत व्यवस्थित चालत होता. आपण कॅबिनेट उघडून धूळ काढली, जुन्या ८ जीबी डीडीआर४ रॅमच्या जोडीला तेवढ्याच क्षमतेची नवी रॅम बसवली आणि तेव्हापासून बटण दाबल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर 'नो सिग्नल' एवढेच दाखवतो. ग्राफिक्स कार्ड गेले असावे असे कोणीतरी सांगितल्यामुळे आपण नवे कार्ड घेण्याच्या विचारात आहात. ती खरेदी कृपया तूर्त थांबवावी. चालता संगणक उघडल्यानंतर बंद पडला असेल, तर नेमका त्याच दिवशी एखादा भाग निकामी होण्यापेक्षा काहीतरी सैल, तिरके किंवा जोडायचे राहून गेले असण्याचा संभव कितीतरी अधिक असतो.

पंखे फिरतात यावरून एसएमपीएसकडून (संगणकातील वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) १२ व्होल्टचा पुरवठा येत आहे एवढेच कळते. त्यापुढचा क्रम असा असतो: सगळे व्होल्टेज स्थिरावल्याचा संकेत एसएमपीएस मदरबोर्डला (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पट्टीला) देते, मग प्रोसेसर जागा होऊन बायोसमधील (मदरबोर्डवर साठवलेल्या, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्राममधील) सूचना वाचू लागतो, रॅम तपासतो, त्यानंतर ग्राफिक्सकडे वळतो आणि सर्वांत शेवटी डिस्कवरील विंडोज शोधतो. पडद्यावर पहिले अक्षर उमटते ते रॅमची तपासणी पार पडल्यानंतरच. त्यामुळे रॅम नीट बसलेली नसली तरी बाहेरून दिसणारे लक्षण ग्राफिक्स कार्ड बिघडल्यासारखेच असते, आणि याच गैरसमजातून अनेक चांगली कार्डे विनाकारण बदलली जातात.

म्हणून गाडी कुठल्या टप्प्यावर अडली आहे ते आधी पाहावे. संगणक सुरू करून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि कीबोर्डवरील नम लॉक दाबावे. दर वेळी त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आतून सुरू झालेला आहे आणि दोष केबल, पोर्ट, मॉनिटर किंवा ग्राफिक्स यांच्याकडे शोधावा. दिवा हलत नसेल, तर बहुधा संगणक त्याआधीच अडकला आहे. अनेक मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणे) अशी नावे असलेले चार बारीक दिवेही असतात. ते एकामागून एक लागून विझतात, आणि जो लागलेलाच राहतो तो अडलेला टप्पा दाखवतो. हे दिवे नसतील, तर मदरबोर्डच्या स्पीकरच्या पिनांवर छोटा बझर लावून बीप मोजता येतात. मात्र त्यांचा अर्थ बायोस बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलत असल्यामुळे तो आपल्या मदरबोर्डच्या पुस्तिकेतच पाहावा.

आपल्या बाबतीत माझा पहिला संशय रॅमवर आहे. मुख्य केबल भिंतीतून काढून पॉवरचे बटण १०-१५ सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि दोन्ही रॅम बाहेर काढाव्यात. मग फक्त जुनी रॅम, चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे बहुतेक मदरबोर्डांवर ए२ लिहिलेल्या ठिकाणी, दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन बसवावी. स्लॉटच्या टोकाच्या खिट्टीचा 'टक' असा आवाज यायला हवा. एकदा मी स्वतः दोन दिवस ग्राफिक्स कार्डाशी झटापट केली, ओळखीच्या माणसाकडून दुसरे कार्डही आणून लावले, आणि शेवटी बॅटरीच्या उजेडात पाहिले तर रॅमच्या एका टोकाची खिट्टी बसली होती, पण दुसऱ्या टोकाला सोनेरी पट्ट्यांची केसाएवढी रेघ स्लॉटच्या वर दिसत होती. एवढ्या फटीनेही संगणक पूर्ण गप्प राहतो. पट्ट्या खोडरबरने घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; खडबडीत रबराने सोन्याचा थर झिजतो, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले मऊ कापड मला अधिक बरे वाटते.

जुन्या रॅमवर संगणक सुरू झाला, तर ती काढून नवी रॅम एकटी त्याच स्लॉटमध्ये लावून पाहावी. दोन्ही एकेकट्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत असेही घडते. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर जुन्या रॅमसाठी ठरवलेला वेग नव्या रॅमला कधीकधी झेपत नाही. अशा वेळी एकाच रॅमवर संगणक चालू करून एक्सएमपी बंद करावे आणि मगच दुसरी लावावी, चार स्लॉट असल्यास ए२ आणि बी२ मध्ये. रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिची जुळवणी करतो आणि त्यात संगणक आपोआप एक-दोनदा बंद-चालू होऊ शकतो. तेव्हा घाईने बटण दाबू नये.

रॅम निर्दोष ठरली तर वीजजोडण्या पाहाव्यात. २४ पिनांचा मोठा कनेक्टर सहसा सुटत नाही, पण प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातील ८ पिनांचा कनेक्टर धूळ काढताना हमखास हलतो, आणि तो निघाला की पंखे फिरतात पण प्रोसेसरला वीज मिळत नाही. ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याला वेगळा ६ किंवा ८ पिनांचा कनेक्टर असेल तर तोही लावलेला असावा. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला आहे ना, तेही बघावे. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ इंटेल आय५-१०४००एफ, तर त्यात स्वतःचे ग्राफिक्स नसते आणि मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टवर कधीच चित्र येणार नाही.

त्यानंतरच बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणावी, म्हणजे वीज पूर्ण तोडून मदरबोर्डवरील नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी किंवा पुस्तिकेत दाखवलेला जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) वापरावा. तत्पूर्वी बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असू द्यावी, कारण सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. एसएमपीएसचा हिरवा पिन काळ्याशी जोडून पंखा फिरवून पाहण्याच्या युक्तीवर मात्र फार विसंबू नये. भार नसताना ठीक वाटणारे एसएमपीएस भार येताच कोसळू शकते. ते उघडण्याच्या फंदात तर अजिबात पडू नये, कारण वीज काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहतो.

एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर संगणक सुरू झाला तरी कशामुळे झाला ते कळणार नाही. इतके करूनही पडदा काळाच राहिला, तर मदरबोर्ड आणि प्रोसेसरचे पूर्ण मॉडेल, लागून राहिलेल्या दिव्याचे नाव, नम लॉकचा प्रतिसाद आणि कोणती रॅम कोणत्या स्लॉटमध्ये लावून पाहिली, एवढे येथे लिहावे. त्यावरून पुढचे सांगता येईल.