किट नको, माणसाचे तास माग

प्रिय मैत्रिणी,

कंपनीने तुझ्या शाळेला पंचवीस रोबोटिक्स किट देऊ केली, मुख्याध्यापकांनी उद्घाटनाचा दिवसही ठरवला, आणि तुझं मन मात्र खातंय. खाणारच. कंपनीच्या पत्रात किट किती, फलक केवढा, फोटो कधी, सगळं आहे. आठवीच्या वर्गात येऊन उभं कोण राहणार, याची एकही ओळ नाही.

नाही म्हणू नकोस, उलट मागणी कर. पंचवीसऐवजी १२ किट द्या आणि तुमचा एक इंजिनिअर वर्षात सहा जोडतासांना (लागोपाठच्या दोन तासांना) आमच्या वर्गात पाठवा, असं लिही. वस्तू मागू नकोस, माणसाचे तास माग. या बाबतीत मी हट्टी आहे आणि हट्ट सोडणार नाही. तास ठरल्याशिवाय घेतलेलं सामान कपाटात जातं. ते चोरीला जाऊ नये म्हणून कपाटाला कुलूप लागतं, आणि मग मुलांना ते दिसतही नाही.

१२ च का? ४० मुलं, चौघांचा गट, म्हणजे १० संच. उरलेले दोन सुट्या भागांसाठी. गटात एकाने जोडणी करायची, एकाने प्रोग्राम लिहायचा, एकाने मोजायचं, एकाने नोंद ठेवायची, आणि दर वेळी कामं बदलायची. गटात पाचवं मूल आलं की ते नुसतं बघत बसतं. एलईडी, रेझिस्टर, जंपर वायर मात्र गरजेपेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त माग. रेझिस्टर न लावता एलईडी बॅटरीला जोडण्याचा प्रयोग प्रत्येक वर्गात कोणीतरी करतोच, आणि एलईडी जळतो.

आता खोकं उघडल्यावर काय होतं ते बघ. आर्डुइनो म्हणजे प्रोग्राम टाकून मोटारी, दिवे चालवायचा छोटा बोर्ड. त्याच्या नमुन्यावर बनवलेल्या पुष्कळ स्वस्त बोर्डांवर संगणकाशी जोडणी करून देणारी सीएच३४० ही चिप असते. बऱ्याच संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, आणि तो ज्यांच्याकडे असतो ते नेमके रजेवर असतात. पहिला तास तिथेच संपतो. पुढच्या तासाला किटमधून जोडलेली गाडी चालू केली की बोर्ड रीसेट होतो. मुलं प्रोग्राममधली चूक शोधत बसतात, पण चूक तिथे नसतेच. मोटार सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते आणि व्होल्टेज खाली बसतं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मल्टिमीटरवर आकडा छान दाखवते, पण तिचा अंतर्गत रोध जास्त असल्याने मोटारीला लागेल इतका करंट ती देऊ शकत नाही. मोटारींसाठी एए सेलचा वेगळा डबा द्यायचा आणि त्याचा ग्राउंड (ऋण टोक) बोर्डाच्या ग्राउंडला जोडायचा, एवढाच उपाय आहे.

हे माहीत असलेला माणूस वर्गात असला की तो मल्टिमीटर बॅटरीला लावतो आणि एका मुलीला सांगतो, "चाक हाताने घट्ट धर." आकडा सगळ्यांसमोर खाली येतो. चाक सोडलं की परत वर चढतो. अंतर्गत रोधाचा धडा त्या दोन मिनिटांत होऊन जातो. तो कोणत्याही किटच्या माहितीपत्रकात नसतो, म्हणून पुन्हा सांगतो, तास माग.

मागायचं कुणाकडे, हे विचारताना तू फक्त मोठ्या कंपन्यांची नावं लिहिली आहेस. यादी वाढव. जलशुद्धीकरण केंद्रातली प्रयोगशाळा, रुग्णालयात यंत्रांची देखभाल करणारे तंत्रज्ञ, विद्यापीठाचा विभाग, छंद म्हणून रेडिओवरून संपर्क साधणारे हौशी रेडिओवाले, आकाशनिरीक्षण मंडळ. संचालकांपेक्षा रोज हातात पाना किंवा पिपेट धरणारा माणूस वर्गात जास्त उपयोगी पडतो. परवानगी मात्र त्याच्या वरिष्ठांकडूनच लेखी घे, नाहीतर ऐन वेळी त्याला सुट्टी मिळत नाही.

आणि "विज्ञान शिक्षणासाठी सहकार्य मिळावे" असं पत्र कृपा करून पाठवू नकोस. वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं तेच कळत नाही, म्हणून उत्तर येत नाही. आधी धडा निवड, मुलं दरवर्षी जिथे अडतात तोच. मग एका पानात लिही: इयत्ता आणि मुलांची संख्या, धडा, मुलं नेमकी कुठे अडतात, कोणत्या तारखांना किती वाजता यायचं, आणि त्या वेळी पाहुण्याने काय करायचं. परीक्षेचे आणि स्नेहसंमेलनाचे आठवडे वगळूनच तारखा दे.

पाहुण्याने पहिल्यांदा शिकवायला येऊच नये. मागच्या बाकावर बसून तुझा एक तास बघावा. हे टाळलंस तर तो साठ स्लाइड घेऊन येईल आणि मुलं शिस्तीत झोपतील. प्रत्येक जोडतासाआधी अर्धा तास फोनवर बोला. सुरुवातीची १० मिनिटं त्याची, मग मुलांचे हात कामाला लागले पाहिजेत.

सामंजस्य करार दोन पानांपेक्षा मोठा नको. संपर्काची दोन माणसं दोन्हीकडून हवीत, कारण एकाची बदली झाली की सगळं थांबतं. सेल, वायर यांसारखा संपणारा माल कोण भरणार, बिघडलेलं किती दिवसांत दुरुस्त होणार, किट कुणाच्या मालकीचं, फोटोसाठी पालकांची संमती कोण घेणार, हे लिहून ठेव. बाहेरचा माणूस वर्गात असताना शिक्षक वर्गात असलाच पाहिजे, हे कलम कुणी कितीही ओळखीचा असला तरी काढायचं नाही. निवडक दहा हुशार मुलांसाठीच उपक्रम ठेवू, असं कुणी सुचवलं तर साफ नकार दे.

शाळेकडे परत देण्यासारखं काय आहे, या तुझ्या प्रश्नाचा मला थोडा रागच आला. ग्लोब हा उपक्रम १९९५ पासून चालू आहे. त्यात शाळेतली मुलं ठरलेल्या पद्धतीने हवा, पाणी, माती यांची मोजमापं घेतात आणि ती शास्त्रज्ञांना वापरता येतात. तापमान स्थानिक मध्यान्हाच्या आगेमागे एका तासाच्या आत घ्यायचं, हा तिथला नियम आहे, कारण वेळ पाळली नाही तर दोन शाळांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. नीट मोजणारी चाळीस मुलं ही देण्यासारखीच गोष्ट आहे. किंवा अंतराळ स्थानकाशी शाळांचं रेडिओवर बोलणं घडवणारा उपक्रम घे. प्रत्यक्ष बोलणं जेमतेम दहा मिनिटांचं, कारण तेवढ्यात स्थानक क्षितिजापलीकडे जातं. पण अर्ज करतानाच शाळेला शिकवण्याचा आराखडा द्यावा लागतो. त्या दहा मिनिटांआधी हौशी रेडिओवाले मुलांना अँटेना का वळवायची हे दाखवायला येतात, आणि माझ्या मते खरी कमाई तीच आहे.

मुख्याध्यापकांना हे कसं सांगू, असं विचारतेस. उद्घाटनाला विरोध करू नकोस. फक्त तो दिवस पहिल्या जोडतासानंतरचा ठरवा म्हणावं, म्हणजे पाहुण्यांना रिकामी खोली दाखवायच्या ऐवजी मुलंच त्यांना चाक धरायला सांगतील. फोटोही चांगले येतात, हे त्यांना आवर्जून सांग. आणि कंपनीने माणूस द्यायला नकार दिला तर? मग किट घेऊ नकोस. अवघड आहे, ठाऊक आहे मला. सगळे तुलाच म्हणतील की आलेली मदत घालवली. तरीही घेऊ नकोस. शाळेत जे दोन मल्टिमीटर आहेत त्यांच्यावर काम सुरू कर आणि त्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या माणसाला पत्र लिही.

कंपनीला जाणारा मसुदा आधी मला पाठव. सहा तारखा, प्रत्येकीपुढे धडा आणि येणाऱ्या माणसासाठी मोकळी जागा, एवढं त्यात असू दे. किटची यादी शेवटच्या ओळीत.

तुझा,
सर