किडेपोला जाताय? गाडीचं नंतर बघू, आधी लस

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. फेब्रुवारीत चौघं युगांडाला, सोबत ६७ वर्षांची आई, तिथल्या किडेपो नॅशनल पार्कमध्ये तीन रात्री, आणि प्रश्न काय तर गाडी स्वतः चालवावी का आणि लेन्स कोणती न्यावी. खाली हळूच एक ओळ, "यलो फीव्हरचं इंजेक्शन निघायच्या आठवड्यात उरकून टाकू". अहो नाही! आम्ही एक्झॅक्टली हेच केलं होतं.

लस टोचल्यापासून दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं. युगांडात उतरताना ते लागतंच, आणि परत येताना नसेल तर आपल्याच एअरपोर्टवरून सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये टाकू शकतात. आमचा टूरवाला (नाव घेत नाही, उगाच वाद नको) म्हणाला, आदल्या दिवशी घेतली तरी कार्ड मिळतं, कार्ड मिळालं की झालं. लसीच्या सेंटरवर तर दोनदा परत पाठवलं, एकदा त्या दिवसाचा कोटा संपला म्हणून आणि एकदा पासपोर्टची झेरॉक्स नाही म्हणून. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात, फोडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे माणसं जमवून ठरावीक वारीच देतात हे समजू शकतो, पण पहिल्या फेरीतच सांगा ना! शेवटी ४ तारखेला टोचलं, फ्लाइट ११ ची. काउंटरवरच्या मुलीने बोटांवर दिवस मोजले आणि बॅगा परत आमच्या हातात.

१४ तारखेची तिकिटं काढली, फरक भरला, ते एक वेळ सोडा. पण किडेपोच्या चार रात्रींपैकी उरली एक, कारण पुढच्या मर्चिसन फॉल्स पार्कचं बुकिंग हलेना. कंपालाहून गुलू, कितगुम करत पूर्ण दिवस गाडीत, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच परत.

त्या एका संध्याकाळी किडेपो पार्कातल्या नारुस खोऱ्यात रानम्हशींचा जो कळप बघितला त्याला दुसरं टोकच दिसेना, आणि आजूबाजूला आमच्याशिवाय एकच गाडी. कोरड्या दिवसांत पाणी नारुसमध्येच उरतं म्हणून सगळी जनावरं तिकडे येतात, त्यामुळे तुमचा फेब्रुवारी बरोबर आहे. मात्र पलीकडचं किडेपो खोरं, ती वाळूची कोरडी नदी, काठचे ताड, कानांगोरोकचे गरम पाण्याचे झरे, यातलं काहीही आम्ही पाहिलं नाही. बायको अजून ऐकवते.

आईंबद्दल: साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणार असाल तर डॉक्टर जरा विचार करून देतात, आणि अंड्याची ॲलर्जी असेल तर तेव्हाही तसंच. मी डॉक्टर नाही, फॅमिली डॉक्टरना आधी विचारा आणि मगच तिकिटं काढा. एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून ताडून बघा.

गाडी? माझं मत, ड्रायव्हरसकट घ्या. कुणी म्हणेल आम्ही स्वतः चालवली, काही झालं नाही. असेलही. पण किडेपो खोऱ्याकडची माती काळी आहे, अवेळी एक सर आली तर आपल्या विदर्भातल्यासारखीच चाक धरून बसते, आणि ढकलायला तिथे कोण येणार? डिझेल कितगुमलाच फुल करा. बजेट कमी असेल तर पार्कमध्येच अपोकाला वाइल्डलाइफ खात्याच्या साध्या खोल्या आहेत, आम्ही तिथेच होतो, रात्री बाहेर काहीतरी चरत होतं, काय ते बघायला दार उघडायची हिंमत झाली नाही. आणि डॉलर नव्या छपाईचे, कडक न्या, जुन्या चुरगळलेल्या नोटा तिकडे घेत नाहीत.

लेन्सचं नंतर सांगतो. पोस्टमध्ये निघायची तारीख आहे, लसीची अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते लिहा आधी.