वाईनमधल्या 'वुडी' आणि 'ओकी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: वाईनच्या चवीबद्दल लिहिताना इंग्रजीत 'वुडी' (लाकडासारखी) आणि 'ओकी' (ओक या झाडाच्या लाकडाचा वास लागलेली) ही विशेषणं सर्रास येतात. मराठीत त्यांना 'काष्ठगंधी' म्हणावं, की सरळ 'ओकी'च लिहावं?

'ओकी' मुळीच लिहू नका. मराठी कानाला त्यात 'ओकणं' ऐकू येतं, आणि खाण्यापिण्याच्या वर्णनात ते एकदा ऐकू आलं की पुढचं वाचवत नाही. 'काष्ठगंधी' शुद्ध आहे, पण वाचून नाकाला काहीच कळत नाही. 'लाकडी' म्हणजे आपल्याकडे लाकडाचा केलेला: लाकडी पाट, लाकडी घाणा.

मी 'पिंपाचा वास' म्हणेन. वाईनला हा वास लागतो तो बहुधा ओकच्या पिंपात मुरल्यामुळे. शिवाय 'पिंप' हा शब्दच पोर्तुगीज 'पिपा'वरून आलेला, आणि पोर्तुगालमध्ये पोर्ट वाईनच्या पिंपाला आजही 'पिपा'च म्हणतात. म्हणजे शब्द मुळात वाईनच्या घरातला आहे. 'वुडी' मात्र निराळं. वखारीत नुकत्याच चिरलेल्या फळीजवळ येतो तसा कच्च्या लाकडाचा वास असेल, तर 'लाकडाच्या भुशाचा वास' असं स्पष्ट लिहावं.

पण पिंपाचा वास बहुतेक वेळा लाकडासारखा येतच नाही, आणि ओळखताना घोळ होतो तो इथे. पिंप बांधताना फळ्या विस्तवावर शेकून वाकवतात आणि आतली बाजू कमीजास्त भाजतात. त्या भाजण्यात लाकडातल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलिन सुटतं, तोच व्हॅनिलाचा वास. ओकमध्ये युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं. लवंगेचा वासही युजेनॉलचाच, त्यामुळे स्वयंपाकघरात वावरलेल्या नाकाला तो पटकन सापडतो. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन हे द्रव्य जास्त, त्याचा वास खोबऱ्याचा. स्पेनमधल्या रिओहा या वाईनच्या प्रदेशातल्या जुन्या धाटणीच्या रेड वाईन अमेरिकन ओकमध्ये मुरवलेल्या असतात, तिथे तो हमखास मिळतो. माझ्या मते 'नारळ' न लिहिता 'सुकं खोबरं' लिहावं. ओल्या नारळाचा ताजेपणा त्यात नसतो. फ्रेंच ओकमध्ये खोबरं कमी, मसाल्याचं अंग जास्त.

भाजण्याच्या पायऱ्यांसाठी तर मराठीला कुठे हात पसरायची गरज नाही. पिंप हलकं भाजलेलं असेल तर खमंग, आणखी भाजलं तर खरपूस, कोळशाकडे झुकलं तर धुरकट, आणि हाताबाहेर गेलं तर करपट. इंग्रजीत 'टोस्टी' आणि 'स्मोकी' म्हणून भागवतात. आपल्याकडचे हे चार शब्द वासाबरोबर आवडनिवडही सांगून टाकतात.

आता पिंपाच्या नावावर काय खपवू नये, तेही पाहायला हवं. शार्डने या व्हाइट वाईनमध्ये लोण्याचा वास आला तर तो लाकडाचा नाही. आंबवण्याच्या दुसऱ्या टप्प्यात जिवाणू डायअॅसिटिल नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो. तुरटपणाही एकट्या पिंपाचा नसतो, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतूनही येतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तो बहुधा बुचाचा दोष. काही जण त्यालाही 'वुडी' म्हणतात, तेव्हा आपल्याकडे 'कुबट' हा नेमका शब्द असताना तो वापरलाच पाहिजे.

नाशिककडच्या बऱ्याचशा शेनिन ब्लां (ही व्हाइट वाईन) स्टीलच्या टाक्यांतच तयार होतात, त्यांत पिंपाचा वास शोधत बसू नका. एखाद्या मुरलेल्या शिराझ या रेड वाईनबद्दल लिहायचं झालं, तर 'वुडी आणि ओकी'ऐवजी मी असं लिहीन: 'आधी लवंग आणि सुकं खोबरं, मागून खरपूसपणा, पिंपाचा वास इतका की फळ त्याखाली दबलं आहे.'